बरणीचा तळ

रोज सकाळी आजी आधी रसाच्या बरणीचं झाकण उघडून वास घ्यायची, मग तिच्यात भर घालायची आणि त्यानंतर देव्हाऱ्यातल्या आजोबांपुढे भात ठेवायची. "ते थांबतील," ती म्हणायची. "त्यांना कुठं जायचंय?"

जपानातल्या यानागावा शहरात, कालव्याकाठी आमचं वाम मासा भाजून विकायचं दुकान. भाजलेला तुकडा बरणीत बुडवायचा, पुन्हा निखाऱ्यावर धरायचा. बरणीतला सोया-साखरेचा रस पणजोबांच्या हातचा. तो कधी संपूच द्यायचा नाही. संपल्यावर आणतात ती खरेदी. उरलेलं असताना घालतात ती भर, असं हिसानो आजीचं शास्त्र.

माझी आई, सुमिए, तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. माहेर धोब्याचं. सासू अंघोळीला गेलेली पाहून तिनं ती काळीकुट्ट बरणी रिकामी केली, घासली आणि उन्हात पालथी घातली.

आजीनं बाहेर येऊन पाहिलं. "लख्ख निघालीय," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. नव्या रसाला कच्ची चव येते. पहिल्याच घासाला गिऱ्हाईक उठून गेलं असतं.

जुना रस आता एकाच ठिकाणी होता: कालव्यापलीकडे, तोराकिचीकडे. हा आजीचा धाकटा दीर. वेगळं दुकान थाटताना त्यानं बरणीतला अर्धा रस नेला आणि तेव्हापासून बोलणं बंद. त्याच्या वामेला चपलेची चव येते, हे आजी गावभर सांगायची.

रिकामी बरणी फडक्यात बांधून ती त्याच्या दारात उभी राहिली, शेजारणीकडे विरजण मागायला आल्यासारखी. मागे आई, मान खाली घालून.

"वहिनी, वाट चुकलात?"

"चुकले असते तर बरं होतं. दोन पळ्या रस द्या, भावजी."

"माझ्या रसाला म्हणे चपलेची चव येते."

"येते. पण चप्पल आपल्याच घरातली आहे."

तोराकिची हसला नाही. "आधी जेवा," म्हणाला. भात चिकट झालाय, अशी कुरकुर करत आजीनं शेवटचं शीतसुद्धा वेचून खाल्लं. तोवर त्यानं बरणी अर्धी भरून फडकं बांधलं होतं.

चपलेची गोष्ट आजीनं त्यानंतरही सोडली नाही. शेवटच्या दिवसांत ती मागच्या खोलीत पडून असायची. एका दुपारी आई बरणीत पळी खरवडत होती, तेव्हा आतून आवाज आला.

"सगळा उपसू नकोस गं. उद्या त्या तोराकिचीची बरणी फुटली, तर मेला इथंच येईल मागायला."