तक्रारीचा सत्कार

आमच्या मुलीच्या शाळेत तक्रार घेऊन आलेल्या पालकाला कधी कुणी हाकलून दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं, हाकललेला माणूस निदान चिडलेला तरी राहतो. आमचे मुख्याध्यापक पालकाला खुर्चीत बसवायचे, शिपायाला पाणी आणायला सांगायचे आणि विचारायचे, "गाव कोणतं म्हणायचं?" गाव सांगितलं की आडनाव, आडनावावरून सासुरवाडी, आणि चहा येईपर्यंत तुम्ही त्यांच्या कुठल्या तरी मामेबहिणीच्या दिराचे व्याही निघालेले असायचा. साताऱ्यात पाहुण्यावर आवाज चढवता येत नाही. माणूस चहा पिऊन, हात जोडून उठायचा आणि फाटकाबाहेर आल्यावर त्याला आठवायचं, की आपण भांडायला आलो होतो.

चहानं न विरघळणारेही काही असायचे. त्यांच्यासाठी शाल होती.

एक बेकरीवाला मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून टेबलावर हात आपटून आला. महिन्याभरात तो शाळेच्या स्वच्छता समितीचा अध्यक्ष झाला. शाल, श्रीफळ, हातात झाडू देऊन फोटो, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाचे ढीग. कडी बसलीच नाही. पुढं कुठल्याही आईनं ग्रुपवर कडीचं विचारलं, की हाच गडी उत्तर द्यायचा, "ताई, काम प्रगतीपथावर आहे." मी घरी बसून हे वाचायचे आणि पोट धरून हसायचे. पुढं आमची पाळी आली.

आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. ती बोलताना अडखळायची. सगळीकडे नाही, प आणि ब आला की. घरात त्याचं कुणाला काही नव्हतं. ती थांबायची, आम्ही थांबायचो, शब्द यायचा, पुढची गोष्ट सुरू व्हायची. त्या वर्षी तिला नव्या वर्गशिक्षिका आल्या. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचं होतं, आणि तिथंच तिचं अडायचं. बाईंनी एके दिवशी हसत हसत म्हटलं, "प-प-प-प्रेझेंट." पहिल्यांदा मुलं दचकली. मग त्यांना गंमत कळली. पुढं बाईंनाही काही करावं लागेना, तिचं नाव घेतलं की सगळा वर्गच एका सुरात सुरू करायचा. पोरगी मुद्दाम उशिरा जायला लागली. उशिरा आलं की वर्गाबाहेर उभं करतात, पण हजेरी चुकते. रोज उशीर का होतो म्हणून मी खडसावलं, तेव्हा हे बाहेर आलं.

मला काही कुणाची नोकरी घालवायची नव्हती. बाईंनी नक्कल थांबवावी, एवढंच हवं होतं. पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चालली होती आणि अशी गप्प झालेली माणसं पुन्हा बोलायला लागत नाहीत, ही भीती मला झोपू देत नव्हती.

मी गेले. पाणी आलं. गाव विचारलं. माझं माहेर जत म्हटल्यावर मुख्याध्यापकांचा चेहरा एकदम उजळला. "जत? म्हणजे कानडी येत असेल तुम्हाला. मग बरोबर. घरात दोन भाषा असल्या की मुलं अडखळतात, वहिनी." म्हणजे दोन मिनिटांत दोष माझ्या माहेरावर गेला. बाईंचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "त्या विनोदी स्वभावाच्या आहेत हो. मुलांत मूल होतात. तुमची मुलगीच जरा हळवी आहे. एकुलती एक का?" मी चहाला हात न लावता उठले. तेव्हा त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही असं करा, साहेबांना पाठवून द्या."

साहेब म्हणजे आमचे हे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीत. ऐकून ते पेटलेच. "माझ्या पोरीची नक्कल करती? बाईला माफी मागाय लावल्याबिगर म्हागारी येत न्हाई." इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला पीळ देऊन गेले. मला खरंच वाटलं, आता काम झालं.

परत आले ते चालही बदलून. "लय भला मानूस हाय गं," चपला काढता काढता म्हणाले.

"आणि बाई?"

"समज देनार हायत त्यास्नी. तोंडी." तोंडावरचं हसू काही केल्या लपेना. "सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला मला बोलवलंय. प्रमुख पाहुना. सुभेदारसायेब म्हनत हुते मला."

"हवालदार होतो म्हणून सांगितलं नाही तुम्ही?"

"आता एवढ्या मानानं बोलत्यात, त्यात मदीच कुठं..."

जन्मभर या माणसानं दुसऱ्यांच्या गाड्यांना सलाम ठोकला होता. कारखान्यातली कालची पोरं काच खाली न करता फाटकातून आत जायची. त्याला कुणी एकदा साहेब म्हटलं तर तो कसा हरभऱ्याच्या झाडावर चढतो, हे मला कळत होतं. मुख्याध्यापकांनाही ते पाणी येईपर्यंत कळलं होतं, म्हणून माझा जास्त जळफळाट झाला. गुळानं मरतो त्याला विष कशाला घालायचं?

मी म्हटलं, "बाई पोरीची माफी मागेपर्यंत जायचं नाही." ते म्हणाले, "आगं, झेंड्याचं हाय ते. झेंड्याला कुनी न्हाई म्हनतं का?" तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग मुख्याध्यापकांनी वरून कळसही चढवला. मुलीला आत्मविश्वास हवा, म्हणून पाहुण्यांची ओळख तीच करून देईल. तयारी बाई करून घेतील. पोरगी म्हणाली, "मला नको." ह्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, "तुजा बाप ष्टेजवर बसनार, मग भ्यायचं काय?"

आम्ही मायलेकींनी ते भाषण घरी बसून मोडलं आणि पुन्हा बांधलं. 'प्रमुख पाहुणे' काढून 'आजचे अतिथी' घातलं. 'भारतीय सैन्य' तिला जमायचं, ते ठेवलं. 'बहादूर' काढून 'शूर' केलं. एकच शब्द उरला. तिनं विचारलं, "मी नुसतं वडील म्हणू का?" हे जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, "बाबाबिगर कसं व्हईल? बाबाच म्हन. गोड वाटतं."

सव्वीस जानेवारीला सकाळी मैदानावर कडाक्याची थंडी होती. झेंडा झाला. ह्यांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मुख्याध्यापक शेजारी बसून त्यांच्या कानात काहीतरी बोलत होते आणि हे मान हलवत होते. सूत्रसंचालनाला त्याच बाई, रेशमी साडीत. त्यांनी नाव पुकारलं. पोरगी माईकपुढं आली आणि छान सुरुवात केली. अतिथी झाले, सैन्य झालं, शूर झाले. मागच्या खुर्चीत बसून मी तिच्याबरोबर ओठ हलवत होते. मग ती म्हणाली, "आणि हे माझे ब... ब..."

तिला थोडं थांबू दिलं असतं, तर शब्द आला असता. घरी येतच होता. पण बाई पुढं वाकल्या आणि त्यांच्या जिभेला लागलेली सवय माईकवरून मैदानभर गेली. "ब-ब-ब-बाबा!" असं म्हणून त्यांनी पोरीच्या डोक्यावर कौतुकानं टपली मारली.

सगळं मैदान हसलं. पोरं हसली, पालक हसले, स्वच्छता समितीचा अध्यक्ष हसला. मुख्याध्यापकांचे खांदे हलत होते. आणि त्यांच्या शेजारी, फेटा बांधून, मांडीवर नारळ धरून, तिचा बाप हसत होता. फार नाही. साहेबानं विनोद केला की शिपाई हसतो, तेवढंच. नेमकं त्याच वेळी पोरीनं मान वळवून मागं बघितलं.

ती रडली नाही. माईकपासून बाजूला झाली आणि पायऱ्या उतरून माझ्या शेजारी येऊन बसली. मुख्याध्यापकांनी माईक घेतला, "वडिलांना या खुर्चीत बघून लेकीला शब्द फुटेना. जोरदार टाळ्या!" टाळ्या जोरदार झाल्या.

घरी आल्यावर मी ह्यांना तोंडाला येईल ते बोलले. ते म्हणाले, "समदी हसली म्हनून हसू आलं गं. मी काय मुद्दाम केलं का?" मग शाल झटकून, घडी घालून कपाटात ठेवली.

नक्कल चालूच राहिली. मी पुन्हा ऑफिसात गेले, तेव्हा मुख्याध्यापकांनी पाणीसुद्धा मागवलं नाही. फोन माझ्यापुढं धरला. ग्रुपवरचा फोटो होता तो, ह्यांचा, फेट्यातला, दात दिसणारा. "आता तक्रार कसली, वहिनी?" ते शांतपणे म्हणाले. "तुमचे यजमानच एवढे खूश आहेत." त्या माणसाला मी मनातल्या मनात किती वेळा मारलं असेल, देव जाणे. आजही वाटेत दिसला की नमस्कार करतो, आणि आमच्या ह्यांचा हात आपोआप वर जातो.

आम्ही शाळा बदलली. आता पोरगी सांगलीला कॉलेजात आहे. तिथं उच्चार सुधारायला शिकवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं जाते. मध्यंतरी मी भेटायला गेले, तर त्यांनी माझ्यासमोर तिला मुद्दाम बोलतं केलं. बस, बाजार, बटाटा, बहीण, पाऊस, पेपर. कुठंही अडली नाही. डॉक्टरीणबाई आनंदानं म्हणाल्या, "तिच्यात आता काही राहिलेलं नाही."

रविवारी तिचा फोन येतो. मी स्पीकर लावते. हे शेजारी येऊन बसतात, टीव्हीचा आवाज बंद करतात. ती भरभर बोलते, बस उशिरा आली, बिस्किटं संपली, बुधवारी पेपर आहे. ब मागून ब, एकही अडत नाही. हे ऐकत राहतात. मधेच मला खुणावतात, माझं काय इचारती का बघ.

विचारते ना. दर रविवारी, फोन ठेवताना विचारते, "आई, ते जेवले का?"