एका पेराचा सौदा

अर्ज आणि कचेरीतली टिपणं सोडली, तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. हेही जमेल असं वाटत नाही. पण भैयाजी म्हणाला, "लिहा बाबूजी, अन् नाव माझंच टाका. दुसऱ्याच्या नावानं छापलं तर मले काय मजा?"

भैयाजी माझा शेजारी. कुहीकडच्या बैलबाजारात त्याची दलाली. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचा. या कामात भैयाजीचा हात धरणारा कोणी नाही. पण सौदा झाला की दारू, फिसकटला तरी दारू. थोरल्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, त्यानं पिऊन नवऱ्या मुलाचं तोंड उघडलं आणि बैलाचे पाहतात तसे त्याचे दात पाहिले. "घ्यायला हरकत नाही," असंही सगळ्यांदेखत सांगितलं.

आता धाकटीचं, हिमानीचं साक्षगंध रविवारवर आलं होतं. ती बुटीबोरीला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. ती मला म्हणाली, "काका, बाबाले सांगून सांगून थकली मी. ते पिऊन असले तर मी पाटावर बसणार नाही. तुम्हीच त्यांना कुठं तरी न्या."

कुठे नेणार? मी औषधाच्या दुकानात गेलो, गर्दी ओसरेपर्यंत थांबलो आणि दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते ते हळूच विचारलं. दुकानदार काउंटरबाहेर आला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काका, लाजू नका. माझे सासरेही तिथंच सुधरले." माझ्यासाठी नाही, हे सांगायला मी शब्द जुळवत होतो, तोवर त्यानं पत्ता देऊन मला चहासुद्धा पाजला.

हिमानीची अट ऐकवल्यावर भैयाजी यायला तयार झाला. बैठक लकडगंजातल्या एका शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. भैयाजी इस्त्रीचा कुडता घालून व्याह्यासारखा ऐटीत, मी शेजारी मान खाली घालून. "आज एक नवे सदस्य आले आहेत," कोणी तरी म्हणालं आणि सगळे माझ्याकडे वळले. "मी विश्वनाथ," एवढंच मला बोलता आलं. खूप टाळ्या पडल्या. भैयाजी हसता हसता बाकावरून घसरला.

मग त्याची पाळी आली आणि त्याचं हसू गेलं. नुसतं नाव सांगितलं. तो उठून दाराकडे निघाला. मला वाटलं, रविवार हातचा गेला.

"काहून गा, चालला कुठं?" बैठक चालवणारे प्रेमानंद म्हणाले. लाकडाच्या वखारीचे मालक, पांढऱ्या मिशा.

"असं उघड्यावर कोणी सांगते का?" भैयाजी पुटपुटला. "आमच्यात भावसुद्धा झाकून सांगतात."

"बैलबाजारातला का तू? ये मग इकडं." प्रेमानंदांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला. "किती दिवस प्यायची नाही, तेवढं ठरवू. पंजा म्हणजे वर्ष, बोट म्हणजे महिना, पेर म्हणजे दिवस. चल."

भैयाजीत जीव आला. प्रेमानंदांनी पंजाच दाबला असावा, कारण तो म्हणाला, "गरिबाले लुटून राहिले का?" हात सोडवून दारापर्यंत गेला, परत आला. कपाळावर हात मारून घेतला. "जाऊ द्या, तुमचं नाही अन् माझं नाही," म्हणाला. मागचे लोक बघायला बाकांवर चढले. शेवटी त्यानं दुपट्टा झटकला.

"वर्षावरून एका पेरावर आणला," छाती फुगवून त्यानं सांगितलं. "एक दिवस. वर एक तास देणार नाही."

सगळा वर्ग हसायला लागला.

"अरे बाबा," प्रेमानंद डोळे पुसत म्हणाले, "इथं सगळे एकच दिवस घेतात. मीही आज एकच घेतला. दुसरा माल आम्ही ठेवतच नाही. उद्या ये, नवा सौदा करू."

भैयाजीला कोणी गंडवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ऑटोत तो घरापर्यंत हसत होता आणि मधूनच म्हणत होता, "बुढा पक्का निघाला."

मग तो रोज वखारीत जाऊ लागला. डॉक्टरांच्या गोळ्याही सुरू होत्या. शनिवारी त्याचे हात इतके थरथरत होते की दुपट्टाच हलत होता. प्रेमानंदांनी ते नुसते धरून ठेवले. भावाचं कोणी बोललं नाही.

रविवारी पाहुणे आले, पाट मांडला आणि भैयाजी दिसेना. हिमानी दारातच थांबली. "काका, बाबा कुठं आहेत?" एवढंच तिनं विचारलं. आम्ही दोघं शोधायला निघालो. मांडवामागे आचाऱ्यांच्या चुली होत्या, तिथे भैयाजी आणि प्रेमानंद दुपट्ट्याखाली हात घालून भांडत होते.

"आज पंजा द्या. पोरीचा खुशीचा दिवस आहे."

"नाही मिळत. पेर घ्यायचं तर घे."

"मोठे चिकट आहा गा तुम्ही."

हिमानी सरळ पुढे गेली आणि बापाच्या तोंडाचा वास घेतला. मग प्रेमानंदांना बाजूला सारून तिनं स्वतःचा हात दुपट्ट्याखाली घातला. "मले सांगा, किती?"

भैयाजीनं दुपट्टा सावरला. आत त्यानं काही तरी दाबलं.

"एकच?"

"एकच. उद्या पुन्हा आणतो."

"बरं. आज बसते मग," ती म्हणाली आणि त्याचा हात न सोडता त्याला तसाच ओढत मांडवात निघाली. हातांवर दुपट्टा लोंबकळत होता. नवे व्याही चकित होऊन मला विचारू लागले, हे काय चाललं आहे.

"सौदा झाला," मी म्हणालो. बहुतेक जरा मोठ्यानंच म्हणालो, कारण आचारीसुद्धा हसू लागले.