कॅमेरा खाली न ठेवणारा माणूस

रविवारी भर दुपारी पडदे ओढून मी आणि बायको परग्रहावरच्या प्राण्याचा भयपट पाहत होतो. गायब झालेल्या एका माणसाचा कॅमेरा सापडतो आणि त्यातलं चित्रण म्हणजेच सगळा सिनेमा. सुरुवातीला रिकामं कुरण दिसतं. वारा नाही, तरी गवत हलतं. अहाहा, काय गारठलो! जोवर काही दिसत नाही, तोवर भीती आपण स्वतःच्या घरची वापरतो. मग प्राणी दिसला आणि भीती पळाली. ओल्या रबरी हातमोज्यासारखा होता बिचारा.

"आणि तो अंगावर येतोय तरी हा शूटिंग करतोय!" मी खदखदून हसलो. "असा माणूस असतो का कुठे? इथेच सिनेमा फसला."

"असतो की, अहो," म्हणत बायकोने मोबाइलवर आमच्या जुन्या सहलीचा व्हिडिओ लावला.

चार वर्षांची आमची चिमी नदीकाठच्या दगडांवरून चालतेय. शेवाळावर पाय सरकून ती गळ्याइतक्या पाण्यात जाते, हात वर करते, "बाबा!" म्हणते. चित्र जराही हलत नाही. बायकोच धावत येऊन तिला ओढून काढते.

चिमी आता कॉलेजात आहे. त्या दिवशी पाण्यात उडी मी घेतली, असं मला स्पष्ट आठवतं. पाहुण्यांना मी ते साभिनय सांगतो आणि बायको गप्प ऐकते.

व्हिडिओत मात्र चिमीचे हात वर असताना कॅमेऱ्यामागून माझा शांत आवाज येतो, "छान. जरा इकडे बघ."