अक्कांचं बोट

अक्का प्रोग्रॅम वाचायच्या नाहीत, त्याला हात धरून फिरवून आणायच्या. पडद्यावर बोट ठेवून पुटपुटायच्या, "हितनं आत शिरलं, तितं नाव इचारलं, आता भायेर आलं बग." पडद्यावर त्या बोटाचा तेलकट माग राहायचा. जे. पी. नगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत तो पुसायची कुणाची हिंमत नव्हती.

अक्का बेळगावच्या, आमच्या टीमच्या प्रमुख. नव्वदचं दशक सरत आलं होतं, वेबसाइटचं खूळ नुकतंच आलं होतं आणि मी नागपूरहून या कानडी शहरात नवी आले होते. माझं काही चुकलं की त्या रागवायच्या नाहीत. "स्वल्प थांब," म्हणायच्या आणि माझंच बोट धरून ओळीओळीवरून फिरवायच्या. चुकीपाशी ते बरोबर थांबायचं. मला ती जादूच वाटायची.

मग आमच्या पुणेकर साहेबांनी फ्रेमवर्क आणलं. म्हणजे वेबसाइटचा अर्धाअधिक भाग आयता, आपण फक्त आपलं सामान भरायचं. "महिन्याचं काम आठवड्यात!" असा शब्द साहेबांनी परदेशातल्या एका हॉटेलवाल्याला देऊनही टाकला. खोटं कशाला बोलू, जेवणाच्या सुट्टीपर्यंत खोल्यांच्या आरक्षणाची सगळी पानं तयार होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात अक्कांनी.

हॉटेलवाल्याची एकच तक्रार आली. पाहुणा मागच्या पानावर गेला की त्याने भरलेलं सगळं पुसलं जायचं. अक्कांनी बोट ठेवलं. "हितनं आत शिरलं..." आणि बोट थांबलं. पुढचं सगळं फ्रेमवर्कच्या पोटात, आणि ते पोट विकणाऱ्यांनी बंद करूनच विकलेलं. "आत काय करालंय, कळंना की," अक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

फ्रेमवर्कवाल्यांना ईमेल केली, तर उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू. "साहेब, हातानं लिवून काढू की सगळं," अक्का विनवायच्या. साहेब कपाळाला हात लावायचे. "अक्का, वेग दाखवूनच काम मिळवलंय हो. आता कुठल्या तोंडाने सांगू?" रोज सकाळी अक्का त्याच ओळीवर बोट ठेवून बसायच्या. आम्ही कॉफी आणून द्यायचो. दुसरं काय करणार होतो? फार वाईट दिवस होते ते.

शेवटी काम गेलं. फ्रेमवर्कला कोण बोल लावणार? अक्कांना नवं जमत नाही, असं ठरलं आणि टीम त्यांच्याकडून काढून घेतली. अक्कांनी राजीनामा दिला.

बेळगावच्या बसपाशी मी चिडून म्हटलं, "अक्का, त्या फ्रेमवर्कनं वाट लावली."

"तसं नको गं म्हणू. काम झटकन झालं की. पण अडल्यावर आत जाता येतंय काय, ते कुणी इचारलं न्हाई. मी पण न्हाई. टाळ्याच वाजवत बसले."

आता माझ्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात पोरं असल्याच आयत्या साधनांनी चहा यायच्या आत अख्खी वेबसाइट उभी करून दाखवतात. मला कौतुकच वाटतं. मग कधीतरी काहीतरी अडतं आणि सगळे माझ्याकडे बघतात. माझं बोट पडद्यावर जातं, आत शिरतं आणि थांबतं.

"मॅम, क्या हुआ?"

मी नागपूरची. पण तोंडातून बेळगावचंच निघतं, "कळंना की."