पेटीनं सावरलेला प्रवेश

पेटीवाले गुरुजी नसते, तर मी त्या दिवशी स्टेजवरून पळालोच असतो. इथं हैदराबादेत कामाला आलोय; खोलीतली पोरं बघतात त्या सिरियलमध्ये बाई रडायला लागली अन् मागं सूर वाजले, की मला नायगावकडची आमच्या गावची जत्रा आठवते. "शाळा सोडलेल्याला काय पाठ होणार?" असं लोक म्हणायचे, तरी गुरुजींनी मला जत्रेतल्या नाटकात मुलाचं काम दिलं. मी मरत्या आईपाशी रडत होतो, तेवढ्यात माईकवर पुकारा झाला, "सरपंचाकडून नाटकाला बक्षीस!" नाटक मधेच थांबवून बक्षीस पुकारायचा रिवाजच होता, पण माझी वाक्यं पार गेली. "अय, म्हातारी मेली का न्हाई अजून?" कुणीतरी ओरडलं अन् अख्खा मांडव हसला. गुरुजी पेटीवरून हळूच म्हणाले, "बोलू नको. आईचा हात धर, बाकी मी बघतो." मी हात धरला, पेटी वाजू लागली, तसा बायकांनी डोळ्याला पदर लावला. नंतर ते म्हणाले, "याला मेलोड्रामा म्हणतेत, लेका. ग्रीक लोकांत मेलोस म्हणजे गाणं. बोलणं अडलं की सुरानं सांगायचं, त्यातूनच हे नाटक निघालं." आता त्यांना लकवा मारलाय, हात उचलत न्हाई, असं कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दिवाळीला गावी गेलो की त्यांना इथल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन येईन, हा माझा शब्द आहे.