बाबांच्या वायरीला पहिला मान

बाबा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. विणकाम खात्यात एवढा आवाज असे की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही ऐकू येत नसे. तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलत; मुकादम, ज्याला जॉबर म्हणत, तोही. त्या आवाजाने बाबांचे कान गेले, तसेच शेजारच्या साच्यावरच्या त्यांच्या मित्राचेही. ते काका आता कणकवलीजवळ गावी असतात. रोज संध्याकाळी दोघं व्हिडिओ कॉल लावतात आणि आवाज न करता तासभर बोलतात.

मध्यंतरी हे बोलणं तुटायला लागलं. काकांचं चित्र आम्हाला नीट दिसायचं, पण तिकडे काकांच्या स्क्रीनवर बाबांचं चित्र गोठायचं. काका कपाळाला हात लावून बसायचे.

"मी हात हलयतय, पण तेका दिसणा नाय," बाबा म्हणाले. दोन दिवस त्यांनी कॉलच लावला नाही. टीव्हीसमोर नुसते बसून राहिले.

भावाने सरळ कंपनीवर खापर फोडलं. "ताई, नेटच भिकार आहे. कनेक्शन बदलू."

मला तसं वाटेना. आमच्या लालबागच्या घरात आतल्या खोलीत भावाचा कॉम्प्युटर आणि बाबांचा स्क्रीन, दोन्ही एका जुन्या स्विचला जोडलेले. स्विच म्हणजे वायरी एकत्र करणारा डबा. तिथून एकच वायर बाहेरच्या खोलीतल्या राउटरला जाते. कुठली वायर किती भरते, ते तो डबा सांगत नव्हता. मी लॅमिंग्टन रोडवरून मॅनेज्ड स्विच आणला. त्यात हे सगळं दिसतं आणि कुणाला आधी सोडायचं तेही ठरवता येतं.

पहिल्याच दिवशी मी सेटिंग करताना चुकीचं बटण दाबलं आणि घरातलं सगळं बंद पडलं. भाऊ ओरडला, आई स्वयंपाकघरातून बघायला आली. शेवटी आईच्या मंगळसूत्राला लावलेली सेफ्टीपिन घेऊन रिसेटचं भोक दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग संध्याकाळी बाबांना कॉल लावायला सांगितलं आणि भावाला स्विचचे आलेख दिसणाऱ्या स्क्रीनसमोर बसवलं. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि काम संपलं की सगळ्या फाइली बाहेरच्या खोलीतल्या डिस्कवर टाकतो. त्याने कॉपी सुरू केली आणि त्याच्या पोर्टचा, म्हणजे त्याची वायर स्विचमध्ये जिथे खोचलेली त्या खाचेचा, आलेख वर टेकला. पलीकडे बाबा गोठले; काकांनी पुन्हा कपाळाला हात लावला.

त्याने आलेखावर बोट ठेवलं. "म्हणजे मीच?"

"तूच. पण काम थांबवू नकोस. बाबांना फक्त आधी जाऊ दे."

मी बाबांच्या पोर्टला सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं. भावाच्या फाइली जरा रेंगाळल्या. त्याने कुरकुर केली नाही. चहा करायला गेला.

काकांनी तिकडून दोन्ही हात वर केले. बाबांचा हात सरसर चालला होता, बोटं, भुवया, ओठ, सगळं. मग दोघंही हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. मी बाबांसमोर जाऊन, ओठ नीट हलवून विचारलं, "काय झालं?"

"जॉबरची गोष्ट," ते डोळे पुसत म्हणाले. "तुका नाय कळूची."