बागेतल्या बाई

डॉक्टरांच्या परिषदांची व्यवस्था बघणं हे माझं काम. दिवसभराची सत्रं संपली की संध्याकाळचा स्वागतसमारंभ बहुतेक वेळा पुण्यातल्या एका जुन्या दगडी बंगल्याच्या बागेत असतो. तिथलं सगळं सांभाळणाऱ्या बाई साठीच्या असतील. गोड बोलणं त्यांना जमत नाही. "अहो, हिरवळ चालायला आहे, सिगारेटी विझवायला नाही," असं त्या भल्याभल्यांना सुनावतात. मीही त्यांना जरा बिचकूनच असतो.

गेल्या हिवाळ्यात तिथे एका वयोवृद्ध सर्जनचा सत्कार होता. ते उत्तर द्यायला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मग तीच दोन वाक्यं पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा तिथूनच सुरुवात झाली, तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाई शांतपणे भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी माइकचं बटण बंद केलं.

"माइक गेला हो आमचा!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "जुनं वायरिंग आहे. चला, जेवण गरम आहे तोवर बसून घ्या."

परिषदेचे अध्यक्ष सगळ्यांदेखत त्यांच्यावर चिडले. "साधा माइक धड ठेवता येत नाही तुम्हाला?" एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईंनी ते मुकाट ऐकलं.

मग त्या स्वतः ताट घेऊन सर्जनकडे गेल्या. त्या म्हाताऱ्या माणसाने धास्तावून विचारलं, "बरं झालं का हो माझं भाषण?"

"थोडक्यात झालं," बाई म्हणाल्या. "पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं."